विश्लेषण : हिरडीलगतचे सिमेंट वारंवार का निघते?

पुणे-नाशिक महामार्गावर मंचरच्या अलीकडे असलेले पेठ हे आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचे गाव. पठाराची ओळख खरिपाच्या बटाट्याची. लागवड किंवा काढणीच्या दिवसांत दाताच्या कामासाठी दवाखाना गाठायचा, तर दिवसाची मजुरी बुडते. एवढे करून हिरडीजवळचा खड्डा दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरून घ्यावा आणि काही महिन्यांत तो तुकडा भाकरीच्या घासाबरोबर हातात यावा, तर माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. मग खड्डा वाढतो, नस उघडी पडते आणि जो दात एका बैठकीत वाचला असता तो काढावा लागतो. हिरडीलगतचे सिमेंट इतर सिमेंटपेक्षा लवकर का निघते आणि ते टिकावे म्हणून काय करता येते, याचा हा आढावा.

हा खड्डा नेमका कोठे पडतो?

दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, बहुधा गालाच्या किंवा ओठाच्या बाजूने हा खड्डा पडतो. अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातांच्या खड्ड्यांचे वर्गीकरण केले. त्यात या खड्ड्याला पाचवा वर्ग मिळाला. आजही डॉक्टर केसपेपरवर ‘क्लास फाइव्ह’ असेच लिहितात. सुळे आणि त्यांच्या मागच्या उपदाढांवर तो जास्त दिसतो.

ही जागा दाताच्या माथ्यापेक्षा वेगळी असते. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजाचे असते. पण हिरडीकडे येताना हे कवच पातळ होत जाते आणि मुळाच्या तोंडाशी संपते. त्याखालचे डेंटिन मऊ असते. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी प्रथिने आणि पाणी. डेंटिनमध्ये नसेपर्यंत जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. म्हणूनच हिरडी मागे सरकून डेंटिन उघडे पडले, की गार पाण्याने शिरशिरी येते, चिंच-कैरीने दात आंबतात आणि ब्रश लागला तरी कळ येते.

कीड लागण्याच्या बाबतीतही हा भाग कच्चा असतो. जंतूंनी तयार केलेल्या आम्लामुळे तोंडातील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की एनॅमल विरघळू लागते. मुळाचा पृष्ठभाग मात्र सामू ६ च्या वर असतानाच विरघळायला लागतो. म्हणजे ज्या सौम्य आम्लात कवच टिकते, त्यात मूळ टिकत नाही.

ग्रामीण भागात याची कारणे कोणती?

कारणे साधारण तीन प्रकारची असतात आणि एकाच दातावर ती एकत्रही सापडतात. पहिले म्हणजे कीड. दुसरे म्हणजे घासून झालेली झीज. कडक ब्रश आडवा आणि जोराने फिरवणे, राखुंडी, मीठ किंवा विटकरीची पूड बोटाने घासणे यामुळे मुळाशी पाचरीसारखी खाच पडते. तिसरे म्हणजे आम्लाने होणारी झीज. सतत आंबट खाणे, शीतपेये आणि वारंवार वर येणारे आम्लपित्त दाताचा पृष्ठभाग मऊ करतात. अशा वेळी लगेच ब्रश केला, तर मऊ झालेला थर घासला जातो. दात रात्री करकर खाण्याच्या सवयीमुळे मुळाशी ताण येऊन तुकडे उडतात, असेही एक मत आहे. ‘अ‍ॅबफ्रॅक्शन’ हा त्यासाठीचा शब्द १९९१ मध्ये रूढ झाला. मात्र केवळ ताणाने खाच पडते का, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात यात मिश्रीची भर पडते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली जाते आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासली जाते. स्त्रियांमध्ये ही सवय विशेष रुजली. दात साफ करण्याच्या निमित्ताने सुरू झालेली मिश्री पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते, कारण तिच्यात निकोटिन असते. तंबाखू आणि घर्षण या दोन्हींमुळे हिरड्या मागे सरकतात आणि मुळे उघडी पडतात.

तोंडाच्या आरोग्याच्या अभ्यासात पुणे जिल्ह्यातील गावांचे स्थान जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही पाहणी पुणे जिल्ह्यातील होती. तिचा विषय तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीची लक्षणे हा होता. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण चुलीवर भाजलेली मिश्री त्या बंदीच्या कक्षेबाहेरच राहिली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते.

वय वाढल्यावर, मधुमेहात आणि लाळ कमी करणाऱ्या काही औषधांमुळेही मुळांची कीड वाढते. लाळ आम्ल धुऊन काढते. ती आटली की संरक्षण कमी होते.

दिसला खड्डा की भरायचाच का?

तसे नाही. खाच उथळ असेल, शिरशिरी नसेल आणि कीड नसेल, तर सवय बदलून लक्ष ठेवणे पुरेसे ठरते. नुसती शिरशिरी असेल तर संवेदनशील दातांसाठीची पेस्ट किंवा फ्लोराइड वार्निश आधी वापरून पाहता येते. मुळाची कीड सुरुवातीची असेल तर जास्त फ्लोराइडच्या पेस्टने तो भाग पुन्हा टणक होऊ शकतो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध कीड थांबवते, पण किडलेला भाग कायमचा काळा करते. त्यामुळे ते समोरच्या दातापेक्षा मागच्या दाढेला किंवा खुर्चीत फार वेळ बसू न शकणाऱ्या वृद्धाला जास्त सोयीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

कीड खोल गेली असेल, अन्न अडकत असेल, शिरशिरी थांबत नसेल, दात कमकुवत होत असेल किंवा समोरचा दात विद्रूप दिसत असेल, तर मात्र खड्डा भरणे योग्य. पण झिजेचे कारण तसेच ठेवून भरलेले सिमेंट त्याच झिजेला बळी पडते.

कंपोझिट दाताला चिकटते कसे?

ज्याला बोलीभाषेत ‘दाताच्या रंगाचे सिमेंट’ म्हणतात, ते कंपोझिट प्रत्यक्षात सिमेंट नसून राळेसारखे रसायन आणि काच किंवा सिलिकाची बारीक पूड यांचे मिश्रण असते. अमेरिकेतील राफेल बोवेन यांनी शोधलेल्या ‘बिस-जीएमए’ या राळेचे पेटंट १९६२ चे. तिच्यावरच आजची बहुतेक कंपोझिट उभी आहेत. ती निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कडक होतात.

चिकटण्याची गुरुकिल्ली त्याआधीच सापडली होती. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले, की एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून धुतले तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि राळ त्यात घट्ट बसते. भिंतीला टाके मारल्यावर गिलावा धरतो, तसेच हे. एनॅमलवरची ही पकड आजही सर्वांत भरवशाची मानली जाते.

डेंटिनवर ही युक्ती तितकी सोपी नाही. ते ओलसर असते आणि त्यात प्रथिनांचे जाळे असते. जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवले, की आम्लाने उघड्या पडलेल्या या जाळ्यात राळ मुरली तर दात आणि राळ यांचा एक मिश्र थर तयार होतो. या ‘हायब्रिड’ थरावर डेंटिनची पकड अवलंबून असते. डेंटिन फार सुकवले तर जाळे चिकटून बसते आणि राळ आत जात नाही. फार ओले राहिले तर राळ पातळ होते. लाळ किंवा रक्त लागले तर सगळेच बिघडते.

मग हिरडीलगतच अडचण का?

चार गोष्टी इथे एकत्र येतात. एक, खड्ड्याची वरची कड एनॅमलवर असते, पण खालची कड बहुधा मुळाच्या डेंटिनवर. एकाच भरावाला दोन वेगळ्या पृष्ठभागांवर पकड धरावी लागते आणि खालची पकड मुळातच कच्ची असते. दोन, हिरडीच्या कडेने सतत थोडा द्रव झिरपतो. हिरडी सुजलेली असेल तर हात लागताच रक्त येते. तीन, कंपोझिट कडक होताना आकसते. हे आकसणे आकारमानाच्या साधारण २ ते ३ टक्के असते. ऐकायला थोडे वाटले, तरी कच्च्या पकडीच्या बाजूने बारीक फट पडायला ते पुरते. त्या फटीतून रंग चढतो, शिरशिरी परतते आणि पुन्हा कीड शिरते. चार, चावताना दात मुळाशी किंचित वाकतो आणि भराव बाहेर ढकलला जातो.

जुन्या घासलेल्या खाचेत आणखी एक अडथळा असतो. वर्षानुवर्षे घासून तिथले डेंटिन काचेसारखे गुळगुळीत आणि टणक झालेले असते. त्यातील नळ्या खनिजाने बुजलेल्या असतात. त्यावर आम्लाचा परिणाम कमी होतो आणि राळ नीट मुरत नाही. म्हणून अशी खाच नुसती पुसून भरली, तर भराव सपाट फरशीवर ठेवलेल्या खड्यासारखा सुटतो.

काम कोरडे कसे ठेवतात?

कामाची तयारी हिरडीपासून सुरू होते. हिरडी सुजलेली आणि रक्ताळलेली असेल तर आधी दात साफ करून घेणे, घासण्याची पद्धत सुधारणे आणि आठ-पंधरा दिवसांनी भरायला येणे हा चांगला मार्ग. घाईने त्याच दिवशी भरले, तर रक्तावर चिकटवल्यासारखे होते. पेठहून येणाऱ्या रुग्णाला दोन फेऱ्या जड जातात हे खरे. पण सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करण्यापेक्षा ही दुसरी फेरी स्वस्त पडते.

प्रत्यक्ष कामात सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे रबर डॅम. ही रबराची पातळ चादर. तिला भोके पाडून फक्त हवे ते दात बाहेर काढले जातात आणि बाकी तोंड झाकले जाते. हिरडीलगतच्या खड्ड्यासाठी २१२ क्रमांकाचा खास क्लॅम्प मिळतो. तो हिरडीला हलकेच खाली दाबून खड्ड्याची खालची कड उघडी करतो.

डॅम लावणे शक्य नसेल तर हिरडी आणि दात यांच्या फटीत बारीक दोरा सरकवतात. याला रिट्रॅक्शन कॉर्ड म्हणतात. त्याने हिरडी काही काळ बाजूला होते आणि झिरपणारा द्रव अडतो. सोबत कापसाच्या गुंडाळ्या आणि लाळ ओढणारी नळी लागते. नळजोडणीला वापरतात तसली टेफ्लॉनची पांढरी पट्टीही काही डॉक्टर हिरडी दाबून धरायला वापरतात. रक्त थांबवणारी औषधे कामी येतात, पण त्यांचा अंश दातावर राहिला तर पकड कमी होते. म्हणून ती लावल्यावर जागा नीट धुणे आवश्यक असते.

खड्डा हिरडीच्या खूप खाली गेला असेल, तर हिरडी थोडी कापून कड उघडी करावी लागते. हाडाच्या कडेला फार जवळ भराव नेला, तर हिरडी कायम सुजलेली राहते. अशा दाताबाबत हिरड्यांच्या तज्ज्ञाचे मत घेणे हिताचे.

भरण्याची पद्धत काय?

पायऱ्या साध्या आहेत, पण त्यांचा क्रम आणि वेळ चुकवून चालत नाही.

सर्वप्रथम रंग जुळवायचा. दात कोरडा पडला की पांढुरका दिसतो. म्हणून रंग डॅम लावण्याआधी, दात ओला असताना निवडतात. हिरडीजवळ दात नैसर्गिकपणे थोडा पिवळट असतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

मग मऊ किडलेला भाग काढतात. जुन्या गुळगुळीत खाचेत बरने पृष्ठभाग हलकासा खरखरीत करतात. वरच्या एनॅमलच्या कडेला छोटा उतार देतात. त्यामुळे पकडीची जागा वाढते आणि भराव व दात यांच्यातील रेषा लपते.

पुढे आम्लाची पायरी. आज अनेक जण ‘निवडक एचिंग’ करतात. आम्लाची जेल फक्त एनॅमलच्या कडेवर १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात. डेंटिनवर मात्र सौम्य, स्वतःच आम्लाचे काम करणारे बाँडिंग वापरतात. यात एनॅमलची भक्कम पकडही मिळते आणि डेंटिन जास्त कोरून निघत नाही.

बाँडिंग नुसते फासून भागत नाही. बहुतेक कंपन्यांच्या सूचनेनुसार ते सुमारे २० सेकंद ब्रशने चोळावे लागते. नंतर हवेच्या हलक्या झोताने त्यातील पाणी आणि द्रावक उडवावा लागतो. थर हलायचा थांबला आणि पृष्ठभाग सर्वत्र चकाकला, की प्रकाश देतात. घाईत हीच पायरी सर्वांत जास्त आखडली जाते.

आता कंपोझिट. आकसण्याचा ताण कमी करायचा तर एकाच लोंद्यात वरची आणि खालची भिंत जोडायची नाही. पहिला तिरपा थर एका भिंतीला टेकवून कडक करायचा, दुसरा दुसऱ्या भिंतीला आणि तिसऱ्याने बाहेरचा आकार द्यायचा. साध्या कंपोझिटचा एक थर २ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, कारण त्याखाली प्रकाश पुरेसा पोहोचत नाही. तळाला पातळ, वाहत्या कंपोझिटचा लहान थर देण्याची पद्धतही आहे. तो कानाकोपऱ्यात शिरतो आणि थोडा लवचीक असतो. बाहेरचा आकार देण्यासाठी हिरडीलगतच्या भागाच्या वळणाची पारदर्शक पट्टी मिळते. तिच्याआडून प्रकाश दिला, की घासण्याचे काम कमी होते.

निळ्या लाइटचे टोक दाताच्या शक्य तितके जवळ आणि सरळ धरावे लागते. टोकाला जुने कंपोझिट चिकटलेले असेल किंवा लाइटची ताकद उतरली असेल, तर वरून कडक वाटणारा भराव आतून कच्चा राहतो. ही ताकद मोजायचे छोटे यंत्र मिळते. डोळ्यांवर नारिंगी चष्मा किंवा आड धरायची काच असणे रुग्णासाठीही चांगले.

शेवटी उरलेली कड काढून चकाकी देतात. हिरडीत घुसलेला जादा थर राहिला, तर तिथे कायम किटण साचते, हिरडी सुजते आणि तिथूनच नवी कीड सुरू होते. बोट किंवा दातातून फिरवायचा दोरा अडकत असेल, तर काम पूर्ण झालेले नाही.

कंपोझिट की काचेचे सिमेंट?

कोरडेपणा राखता येणार नसेल, तर कंपोझिटचा हट्ट धरू नये. इथे ग्लास आयनोमर उपयोगी पडते. ब्रिटनमधील विल्सन आणि केंट यांनी विकसित केलेले हे खरोखरचे सिमेंट १९७२ मध्ये जगासमोर आले. काचेची पूड आणि आम्ल यांच्या संयोगाने ते तयार होते, दाताच्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते, थोडा ओलावा सोसते आणि फ्लोराइड सोडत राहते. कमी पडते ते चकाकी आणि घासणी सहन करण्यात.

हिरडीलगतच्या खाचांवर झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांत भराव सुटण्याचे प्रमाण ग्लास आयनोमरच्या बाबतीत सर्वांत कमी असलेल्यांत दिसले आहे. सौम्य, दोन टप्प्यांच्या बाँडिंगने केलेले कंपोझिटही चांगले टिकते. त्यामुळे मुळाची कीड, कोरडे पडलेले तोंड, वृद्ध रुग्ण किंवा हिरडीखाली गेलेली कड असेल तर ग्लास आयनोमर. समोर दिसणारा दात, निरोगी हिरडी आणि चहूबाजूंनी एनॅमल असेल तर कंपोझिट, असा ढोबळ नियम करता येतो. दोन्हींचा मेळ घालून तळाला ग्लास आयनोमर आणि वर कंपोझिट असे ‘सँडविच’ही करतात. राळ मिसळलेले, प्रकाशाने कडक होणारे ग्लास आयनोमर हा मधला पर्याय.

वीज नसतानाही साधे ग्लास आयनोमर काही मिनिटांत आपोआप कडक होते. टांझानियात १९८० च्या दशकात मशीनशिवाय, केवळ हाताच्या अवजारांनी कीड काढून हेच सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली आणि पुढे जगभर पसरली. गावोगावच्या शिबिरांसाठी ती आजही कामाची आहे.

जुन्या काळी भरली जाणारी ‘चांदी’, म्हणजे पाऱ्याचे मिश्रण, मागे पडत चालली आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात तिचा वापर कमी करत नेण्याचे ठरले आणि भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला. युरोपीय संघाने २०२५ पासून तिचा वापर जवळपास थांबवला. त्यामुळे चिकटणाऱ्या भरावाचे तंत्र नीट येणे आता प्रत्येक दवाखान्याची गरज आहे.

रुग्णाने काय विचारावे?

डॉक्टरांना शिकवायला जाण्याची गरज नाही, पण चार साधे प्रश्न जरूर विचारावेत. खड्डा किडीमुळे पडला की झिजेमुळे? भरण्याआधी हिरडी बरी करायला हवी का? दात कोरडा ठेवण्यासाठी काय वापरणार? आणि या दाताला कंपोझिट योग्य की ग्लास आयनोमर, का? चांगला डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो.

दंतवैद्यकाची पदवी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी असलेल्याच व्यक्तीकडून काम करून घ्यावे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसून दात बसवणारे किंवा भरणारे स्वस्त वाटतात, पण न उकळलेली अवजारे आणि हिरडीत घुसवलेले रसायन पुढे महाग पडते. पेठ आणि परिसरातील रुग्णांना मंचरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. जुन्नर भागासाठी जुन्नर आणि नारायणगावची ग्रामीण रुग्णालये आहेत. जाण्याआधी दंतविभागाचे दिवस आणि वेळ विचारून घेतल्यास फेरी वाचते. गुंतागुंतीच्या कामासाठी पुण्यातील दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार होतात. तिथे वेळ जास्त लागतो, पण खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बहुधा कमी येतो.

भरल्यानंतर काय पाळावे?

पहिले काही दिवस गार-गरमाची थोडी शिरशिरी येऊ शकते. ती आठवड्या-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवी. रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर नस दुखावली असण्याची शक्यता असते आणि पुन्हा दाखवणे टाळू नये. चावताना तो दात आधी लागत असेल तर भराव उंच राहिला आहे. तो दोन मिनिटांत कमी करता येतो.

ब्रश मऊ असावा. पेन धरतो तसा धरून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावा. जोर लावल्याने दात स्वच्छ होत नाहीत, झिजतात. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड किमान १००० पीपीएम असावे, ते वेष्टनावर छापलेले असते. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने घासावे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते.

मिश्री, राखुंडी आणि विटकरीची पूड बंद करावी लागते. मिश्री ही निकोटिनची सवय असल्याने ती ‘मनावर घेतले की सुटते’ असे सांगून भागत नाही. ती सोडताना चिडचिड, डोकेदुखी, अस्वस्थता येते आणि त्यात घरच्यांची साथ लागते. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११२-३५६ हा क्रमांक नि:शुल्क आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दाताच्या सिमेंटची वाट न पाहता आधी ती दाखवावी.

सहा महिन्यांनी एकदा तपासणी झाली, तर कडेची बारीक फट वेळेत सापडते. अशी फट असेल तर सगळा भराव काढावा लागत नाही. तेवढाच भाग घासून दुरुस्त करता येतो किंवा पुन्हा चकाकी देता येते. हिरडीलगतचा भराव टिकवायचा, तर डॉक्टरने खुर्चीत दिलेली अधिकची वीस मिनिटे आणि रुग्णाने रोज आरशासमोर दिलेली दोन मिनिटे, दोन्ही लागतात.